सिनेमा सुचवायचा कसा आणि पाहून झाल्यावर दोघांनी बोलायचं कसं

मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या दहा सिनेमांच्या यादीतला सहसा एकही पाहिला जात नाही. यादी वाचायला बरी वाटते, पण शुक्रवारी रात्री जेवणं उरकून टीव्हीसमोर बसल्यावर दहातून एक निवडायचं काम पुन्हा समोरच्याच्याच गळ्यात पडतं. शेवटी अर्धा तास रिमोट फिरवून कुठली तरी जुनी मालिका लागते. म्हणून एका वेळी एकच सिनेमा सुचवायचा. तो पाहून, बोलून झाला की मगच दुसरा.

सुचवण्याआधी तीन प्रश्न विचारून घ्या. किती वेळ आहे? सोबत कोण बसणार आहे? आणि अलीकडे कुठला सिनेमा अर्धवट सोडलास? यात तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. आवडलेल्या सिनेमांची नावं बहुतेकांची सारखीच असतात, त्यावरून फारसं कळत नाही. अर्धवट सोडलेल्या सिनेमावरून मात्र लगेच कळतं की या माणसाला संथपणा सहन होत नाही, की मारझोड, की गाणी. आधीचे दोन प्रश्नही सोडू नका. ‘सैराट’ 174 मिनिटांचा आहे. रात्री साडेदहाला लावला तर संपेपर्यंत जवळजवळ दीड वाजतो, आणि सकाळी सातची लोकल गाठणारा माणूस मध्यंतरालाच झोपायला जातो. उरलेला भाग मग राहूनच जातो.

सोबत लहान मुलं असतील तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघा. 2024 च्या नियमांपासून यूए वर्गाचे (म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या सिनेमांचे) 7+, 13+ आणि 16+ असे वयानुसार तीन भाग झालेत, त्यामुळे नव्या सिनेमांच्या बाबतीत अंदाज बरा येतो. जुन्यांवर नुसतं यूए असतं, तिथे स्वतः पाहिलेलं आठवून सांगावं लागतं. आणि प्रमाणपत्र यूचं, म्हणजे सगळ्यांनी बघण्याजोगं, असलं तरी सिनेमा हलकाफुलका असेलच असं नाही. ‘श्वास’मध्ये आजोबा नातवाला डोळ्यांच्या कॅन्सरसाठी शहरातल्या डॉक्टरकडे आणतात. ज्याच्या घरात कुणी हॉस्पिटलमध्ये आहे, त्याला हा सिनेमा कितीही चांगला असला तरी आत्ता सुचवू नये. सहा महिन्यांनी सुचवा.

निरोपात काय लिहायचं

सर्वात आधी नाव, साल आणि दिग्दर्शक. नुसत्या नावाने घोटाळा होतो. ‘श्यामची आई’ म्हटलं तर आचार्य अत्र्यांचा 1953 चा की सुजय डहाकेंचा 2023 चा? ‘कोर्ट’ शोधायला जावं तर 2025 मध्ये तेलुगूतही ‘कोर्ट’ येऊन गेलाय, आणि शोधपट्टीत तोच आधी दिसू शकतो. सालाचाही एक गुंता आहे. महोत्सवात दाखवला गेल्याचं साल आणि थिएटरात लागल्याचं साल वेगळं असू शकतं. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ व्हेनिसला 2014 मध्ये होता, आपल्याकडे तो 2015 च्या एप्रिलमध्ये लागला. ‘फँड्री’ 2013 चा म्हणून नोंदलेला सापडतो, थिएटरात आला 2014 मध्ये. साल एखाद्या वर्षाने इकडेतिकडे दिसलं आणि दिग्दर्शकाचं नाव जुळलं, तर सिनेमा तोच समजा.

त्यानंतर गोष्ट, पण पहिल्या पंधरा-वीस मिनिटांपुरतीच. मग चाल कशी आहे ते. मग ‘तुलाच का सांगतोय’ ते. हे शेवटचं वाक्य बहुतेकजण गाळतात, आणि खरं तर त्या वाक्यामुळेच समोरचा माणूस सिनेमा लावतो. सगळं मिळून निरोप साधारण असा:

“‘किल्ला’, 2014, अविनाश अरुण. अकरा वर्षांचा मुलगा, वडील गेलेत, आईची बदली कोकणात झालीये. घटना कमी, पाऊस आणि समुद्र भरपूर. गावातली शाळा आणि पोरांची दोस्ती फार खरी उतरलीये. तू गेल्या वर्षी बदलीमुळे पोराची शाळा बदललीस, म्हणून तुला सांगतोय. टीव्हीवर बघ, फोनवर नको. रविवारी अकराला फोन करतो.”

या निरोपात ‘अप्रतिम’, ‘मास्टरपीस’, ‘आयुष्यात एकदा तरी’ यातलं काहीच नाही, आणि ते मुद्दाम. अपेक्षा फुगवून ठेवली की माणूस पहिल्या मिनिटापासून सिनेमाची परीक्षा घेत बसतो. पुरस्कारांचंही तेच. ‘कोर्ट’ला व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळाला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, पण हे आधी सांगितलं तर मित्र दडपून बसतो आणि कंटाळा आला तरी कबूल करत नाही. त्यापेक्षा त्याला हे सांगा: “कॅमेरा बराच वेळ एका जागी उभा राहतो, कट उशिरा येतात, माणसं फ्रेममध्ये येतात-जातात. पहिली वीस मिनिटं त्या चालीला सरावायला दे.” एवढं माहीत असलं की संथपणाचा त्रास निम्मा होतो, कारण तो दिग्दर्शकाने ठरवून ठेवलाय हे कळलेलं असतं.

“शेवट बघ, हादरशील” हे कधीही लिहू नका. शेवट सांगितला नाही तरी शेवटी काहीतरी आहे हे तुम्ही सांगून टाकलंत. आता तो दोन तास त्याचीच वाट बघणार, मधलं सगळं त्याच्या नजरेतून निसटणार.

उलट चूकही तितकीच होते. ‘सैराट’ नुसता “प्रेमकथा आहे, गाणी धमाल” म्हणून सुचवला तर ‘झिंगाट’च्या अपेक्षेने बसलेल्या माणसाला उत्तरार्धात फसवल्यासारखं वाटतं. तेव्हा “पूर्वार्ध मोकळा, हसरा, उत्तरार्ध जड” एवढं सांगायला हवं. काय घडतं ते न सांगता किती जड आहे हे सांगता येतं, आणि ते सांगणं आपलं काम आहे.

कुठे बघायचा

निरोप पाठवण्याच्या दिवशीच तो सिनेमा कुठे उपलब्ध आहे ते तपासा. ओटीटीवरचे हक्क ठरावीक मुदतीचे असतात, गेल्या महिन्यात दिसणारा सिनेमा या महिन्यात गायब होतो. मित्र परदेशात असेल तर त्यालाच तपासायला सांगा, कारण हक्क देशागणिक वेगळे असतात आणि आपल्याकडचं ॲप आपल्याच देशाचं चित्र दाखवतं. भाड्याने घेतला तर बहुतेक ठिकाणी सुरू करायला 30 दिवस मिळतात, पण एकदा सुरू केल्यावर 48 तासांत संपवावा लागतो. शुक्रवारी रात्री दहा मिनिटं ‘फक्त कसा आहे ते’ बघून ठेवला तर रविवारी रात्री तो बंद झालेला असेल.

मित्र अमराठी असेल तर सबटायटल्स आहेत का एवढंच बघून थांबू नका, पाच मिनिटं लावून ती वाचून बघा. करमाळ्याकडची बोली किंवा मालवणी इंग्रजीत येताना सपाट होते, शिव्या सौम्य होतात, विनोद गळतो. ते ठाऊक असलं की बोलताना आपण भर घालू शकतो: “तिथे तो जे म्हणाला ना, ते सबटायटलमध्ये आलंच नाही.”

एक पुण्यात आणि एक न्यू जर्सीत असे दोघे एकाच वेळी बघायचं ठरवत असतील, तर उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक धरा. तिकडची घड्याळं मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये सरकतात, त्या आठवड्यात हमखास चुकामूक होते. खरं तर एकाच वेळी बघण्याचा आग्रह नसावा. ज्याने त्याने आपल्या वेळी शांतपणे बघावं आणि दुसऱ्या दिवशी फोन करावा, गप्पा अशाच चांगल्या होतात. बघता बघता मेसेज केले की दोघांचीही नजर फोनवर जाते, आणि नेमका तेव्हा न बोलता घडणारा प्रसंग निघून जातो.

पाहून झाल्यावर

फोन त्याच रात्री नको आणि आठवड्यानेही नको. दुसरा दिवस सर्वात चांगला. फार तर तिसरा. तोपर्यंत परीक्षणं वाचायची नाहीत, यूट्यूबवर ‘शेवटाचा अर्थ’ बघायचा नाही, असं दोघांनी ठरवून घ्या. वाचलेलं मत तोंडात बसतं आणि मग आपलं काय होतं ते आठवत नाही. सिनेमा संपल्यावर कागदावर तीन ओळी लिहा: एक प्रसंग जो डोळ्यासमोरून जात नाही, एक जागा जिथे कंटाळा आला, आणि एक गोष्ट जी कळली नाही.

वेळ लिहून ठेवलीत तर सोबत प्रसंगही लिहा, कारण दोघांच्या प्रती एकच असतील असं नाही. सेकंदाला 24 फ्रेमचा (म्हणजे 24 चित्रांचा) सिनेमा पॅल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर 25 फ्रेमच्या वेगाने चालतो, म्हणजे 150 मिनिटांचा सिनेमा 144 मिनिटांत संपतो. टीव्हीवर तर काही दृश्यं कापलेलीही असतात. “एक तास बारा मिनिटांवर” एवढंच म्हटलं तर मित्र भलताच प्रसंग उघडतो.

फोनवर सुरुवात “कसा वाटला?” या प्रश्नाने करू नका. त्याचं उत्तर “छान” किंवा “ठीक” येतं आणि पुढे बोलायला काही उरत नाही. “कुठला प्रसंग आठवतोय?” असं विचारा. उत्तर मिळालं की त्या प्रसंगात नेमकं काय दिसलं ते आधी दोघांनी मिळून जुळवा, आणि अर्थाकडे त्यानंतर वळा.

उदाहरणादाखल ‘फँड्री’ घेऊ. (ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडावा.) जब्याचं कुटुंब शाळेजवळ डुकरामागे धावतंय. डुक्कर हाताशी येतं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात, डुक्कर निघून जातं. यावर थेट “देश आणि जात” असं मोठं बोलायला सुरुवात केली तर दोन वाक्यांत संपतं, कारण दोघांनाही ते आधीच पटलेलं असतं. त्याऐवजी विचारा: आधी कोण थांबलं? डुक्कर जाताना ही माणसं काय करतात? हसू आलं का, आणि हसू आल्यावर कसंतरी झालं का? मग लक्षात येतं की एकाला तो प्रसंग विनोदी वाटलाय आणि दुसऱ्याला असह्य. तिथून खऱ्या गप्पा सुरू होतात.

शेवटचा दगडही तसाच. जब्या दगड भिरकावतो, तो सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. “तो दगड कुणाला?” हा प्रश्न विचारण्याआधी “त्याच्या आधीच्या दृश्यात त्याला कोण चिडवत होतं आणि आजूबाजूला कोण बघत उभं होतं?” हे आठवून घ्या. बघ्यांची गर्दी आठवली की मग आपणही बघतच होतो हे उमगतं.

कंटाळ्याबद्दलही असंच बारकाईने बोलायचं. ‘कोर्ट’मध्ये सरकारी वकील बाई काम संपवून मुलाला घेऊन घरी जातात, स्वयंपाक करतात, सुट्टीच्या दिवशी घरच्यांबरोबर नाटकाला जातात. तिथे दोघांचं बोलणं असं होऊ शकतं:

“अरे, मला तिथे कंटाळा आला. खटला सोडून हे कशाला?”

“किती वेळ कंटाळलास? नाटकापर्यंत की नाटकातही?”

“नाटकात नाही. नाटकातले लोक ज्यावर हसत होते ते ऐकून जरा दचकलो.”

“मग स्वयंपाकाचं दृश्य काढलं असतं तर दचकला असतास?”

“…नसतो बहुतेक. तोवर त्या बाई मला आपल्यातल्याच वाटायला लागल्या होत्या.”

इथे कुणी कुणाला हरवलेलं नाही. एकाने फक्त “कुठे?” आणि “नसतं तर?” हे दोन प्रश्न विचारले. कंटाळा आला हे मोकळेपणाने सांगता आलं पाहिजे. ते लपवणारा मित्र तिसऱ्या सिनेमानंतर फोन टाळायला लागतो.

ज्याने सिनेमा सुचवला त्याने पहिली दहा मिनिटं कमी बोलावं. त्याने तो आधी पाहिलेला असतो, वाचलेला असतो, त्यामुळे नकळत शिकवणी सुरू होते. आणि सिनेमा आवडला नाही असं ऐकावं लागलं तर बचाव करू नये. तीन शक्यता तपासाव्यात: सिनेमाच याला चालणारा नव्हता, त्या दिवशी चालला नाही, की आपण सांगताना चुकलो? तिसरी शक्यता सर्वात जास्त वेळा खरी निघते. कुठलं वाक्य गोंधळ करून गेलं ते विचारून घ्या, पुढच्या निरोपात ते सुधारता येतं.

अर्ध्यावर सोडायची मुभाही आधीच ठरवून ठेवा. तीस मिनिटं बघून सोडता येतं, कारण द्यावं लागत नाही. पण फोन मात्र करायचा. सोडलेल्या सिनेमावरही वीस मिनिटं चांगलं बोलता येतं.

नोंद

गूगल शीटवर दोघांची एकच वही पुरते. नाव-साल-दिग्दर्शक, कुणी सुचवला, का सुचवला, एका ओळीत काय झालं. तारे देऊ नका. साडेतीन म्हणजे काय होतं हे वर्षभराने कुणालाच आठवत नाही. “मध्यंतरानंतर जीव लागला” ही ओळ आठवते. पाळी आलटून-पालटून, पंधरा दिवसांत एक. सलग तीन सिनेमे एकाच मित्राने सुचवले की दुसरा नुसता प्रेक्षक होतो.

चार-पाच सिनेमे झाले की जोड्या लावून बघा. जब्बार पटेलांचे ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ आठवड्याच्या अंतराने पाहिले तर निळू फुले आणि श्रीराम लागू यांच्या कामावरच दोन फोन पुरत नाहीत.

हे सगळं घरी बघायच्या सिनेमांचं झालं. थिएटरात लागलेला मराठी सिनेमा सुचवायचा असेल तर सावकाशपणा परवडत नाही. शुक्रवारी लागलेल्या सिनेमाचे खेळ गर्दी नसेल तर सोमवारपासून कमी होतात, उरलेले दुपारी बाराचे किंवा रात्री साडेदहाचे असतात. तेव्हा “बघून सांगतो” म्हणत थांबू नका. स्वतः शुक्रवारी किंवा शनिवारी बघा आणि त्याच रात्री मित्राच्या घराजवळचं थिएटर, रविवारच्या खेळाची वेळ आणि कुठल्या रांगेत जागा शिल्लक आहेत हे लिहून निरोप पाठवा.