भंगारातले व्हॉल्व्ह हेडमध्ये घालण्याआधी

चोर्ला घाट चढताना आमच्या ॲम्बॅसेडरचा शेवटचा, म्हणजे आठ नंबरचा व्हॉल्व्ह कॉटरमधून (स्प्रिंगवरची कॅप व्हॉल्व्हच्या दांडीला पकडून ठेवणाऱ्या दोन अर्ध्या पाचरींतून) निसटला आणि चालत्या इंजिनात पिस्टनवर पडला. आधी एकच खट्, मग लोखंडावर घण मारल्यासारखा आवाज. गाडीत आई होती, मुलं होती. पिस्टनला भोक, हेडला (व्हॉल्व्ह बसतात त्या इंजिनाच्या वरच्या भागाला) खड्डे, व्हॉल्व्हची दांडी वाकडी. चतुर्थीआधी गाडी उभी राहायला हवी म्हणून भंगारअड्ड्यावरच्या एका हेडमधून आठ व्हॉल्व्ह काढून घातले होते. तेव्हा वाचलेले पैसे नव्या पिस्टनलाही पुरले नाहीत. आता दुसरं हेड टेबलावर आहे आणि व्हॉल्व्ह पुन्हा जुनेच घालणार आहे, कारण चांगला जुना व्हॉल्व्ह वापरण्यात काहीच गैर नाही. पण या वेळी तयारी नीट करायची आहे. तुम्हीही करा.

पहिलं काम खरेदीच्या जागी. व्हॉल्व्ह सुटे घेऊ नका, अख्खं हेड घ्या. सुट्या व्हॉल्व्हबरोबर कॉटर कुठले मिळतील याचा भरवसा नसतो. ढिगातून मूठभर कॉटर उचलून देतात आणि वर म्हणतात, ‘घाल रे, कांय जायना.’ होतं. माझं झालं. हेड १४८९ सीसी पेट्रोलचंच आहे ना ते बघा. याच मापाचं डिझेल इंजिनही होतं. उघड्यावर एक पावसाळा काढलेलं हेड असेल तर दांड्यांवर गंजाचे खड्डे पडलेले असतात, समुद्राजवळच्या अड्ड्यावर तर हमखास. खड्डेवाली दांडी कानशीप्रमाणे गाईड, म्हणजे ती ज्या नळीत वर-खाली सरकते ती नळी, खाते. ती तिथेच ठेवून या.

खोलण्याआधी पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून आकडे घाला. या हेडमध्ये पुढून क्रम एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट आणि मग तेच पुन्हा. प्रत्येक व्हॉल्व्हबरोबर त्याचेच दोन कॉटर छोट्या पुडीत बांधून ठेवायचे. त्याचेच. माझ्या हातून हेच राहिलं होतं. सोळाच्या सोळा कॉटर रॉकेलच्या एका डब्यात टाकले, धुतले आणि हाताला येतील तसे बसवले.

धुणं, कार्बन काढणं हे सांगायला नको. फक्त दांडीला पॉलिश पेपर लावू नका, आणि कॉटरची खाच तारेच्या ब्रशने कोरी होईपर्यंत साफ करा. त्या खाचेत जळलेल्या तेलाचा तपकिरी थर बसलेला असतो. तो इतका गुळगुळीत असतो की खाच शाबूत वाटते.

आता खरं काम, आणि इथे घाई केलीत तर पुढचं वाचूच नका. व्हॉल्व्ह हातात घेतला की सगळे तोंड, म्हणजे हेडवर टेकणारी तिरकी पट्टी, बघतात. मीही तोंडच बघितलं. आठही तोंडं घासून राखाडी, एकसारखी रिंग आली तेव्हा किती आनंद झाला होता! व्हॉल्व्हला धरून ठेवते ती मात्र दुसऱ्या टोकाची खाच. स्प्रिंग वर ढकलते, कॅप कॉटरला आवळते, कॉटर खाचेत बसतो. सगळा भार दोन-तीन मिलिमीटरच्या त्या कडेवर. इंजिन ३००० फेऱ्यांवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १५०० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला २५ हिसके. म्हणून खाच बघा. भिंग लावून बघा. वरच्या कडेवर नख फिरवा. ते धारेला अडकायला हवं. घसरलं तर कड गोल झाली आहे आणि तो व्हॉल्व्ह बाद, तोंड आरशासारखं असलं तरी बाद. घाटात पडलेला व्हॉल्व्ह नंतर धुऊन पाहिला तेव्हा खाचेची वरची कड एका बाजूने साबणाच्या वडीसारखी झिजलेली होती आणि खाली कॉटरने स्वतःचा दुसरा लहान पाट पाडला होता. पाच मिनिटं दिली असती तर दिसलं असतं.

मग कॉटर. दोन अर्धे खाचेत बसवून बोटांनी दाबा. एका खाचेच्या आवळणाऱ्या प्रकारात दोन अर्ध्यांमध्ये थोडी फट राहायला हवी. ते एकमेकांना टेकले तर दांडी न आवळता आपापसांतच भिडलेत. तीन-चार बारीक खाचांचे व्हॉल्व्हही असतात, त्यांचे कॉटर मुद्दाम एकमेकांना टेकतात, म्हणजे व्हॉल्व्ह फिरता राहतो. या दोन जाती मिसळल्या की संपलं. शंका आली तर कॉटर नवे घ्या. जुना व्हॉल्व्ह, नवे कॉटर हे चालतं. झिजलेली खाच आणि नवे कॉटर हे चालत नाही. खाच बघा.

दांडी मायक्रोमीटरने मोजायची, व्हर्नियरने नाही. गाईडमध्ये न जाणाऱ्या, न झिजलेल्या भागात एकदा, घासणाऱ्या भागात वर, मध्ये, खाली. ०.०५ मिलिमीटरहून जास्त फरक आला तर बाजूला. वाकडेपणा काचेवर लोळवून कळतो. व्हॉल्व्हचं रुंद डोकं काचेच्या कडेबाहेर ठेवा आणि खालून उजेड बघा. डोक्याची कड, म्हणजे तोंडाच्या वरची सरळ पट्टी, ग्राइंड केल्यानंतर मोजा. ०.८ मिलिमीटरहून कमी असेल तर नको. एक्झॉस्टला मी एक मिलिमीटरखाली जात नाही, कारण धारदार कड लाल होऊन जळते आणि वेळेआधीच ठिणगी पाडते. लोहचुंबकावर विसंबू नका. इनलेट चिकटतो, एक्झॉस्ट चिकटत नाही असं म्हणतात, पण जुन्या पोलादाचे एक्झॉस्टही चिकटतात. डोक्याचा व्यास मोजून ओळखा.

टोकाकडेही बघा, कारण त्याचा खाचेशी संबंध आहे. १ फेब्रुवारी २००० पासून आपल्याकडे शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं. ॲम्बॅसेडरचं हेड बिडाचं, सीट, म्हणजे व्हॉल्व्हचं तोंड टेकतं ती जागा, त्याच बिडात कापलेली. शिशाचा थर गेल्यावर एक्झॉस्ट सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि दांडी वर येते. मग कुणीतरी टॅपेट, म्हणजे दांडीचं टोक आणि ते दाबणारा रॉकर यांच्यातली फट, जमवायला टोक घासून टाकतो. टोकाचा कडक थर गेला तर रॉकर त्यात खड्डा पाडतो. फारच आखूड केलं असेल तर रॉकर थेट कॅपवर आदळून कॉटर सैल करतो. आठही व्हॉल्व्ह शेजारी उभे करा, उंची लगेच कळते.

बारीक भेगा दाखवणारी तीन डब्यांची डाय मिळते, क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. महाग वाटते, पण आठ व्हॉल्व्हना पुरून उरते. लाल रंग निदान दहा मिनिटं राहू द्या. कुठे लावायची? डोक्याखालच्या वळणावर आणि खाचेत. एक सूचना: परक्या इंजिनातला, जाड दांडीचा, पोकळ वाटणारा व्हॉल्व्ह ढिगात आला तर तो कापू नका, घासू नका. काहींच्या पोटात सोडियम असतो, पाणी लागलं की पेटतो.

लेथवाल्याकडे जाताना गाईडसुद्धा न्या. सैल गाईडमध्ये सीट कापली तर ती गोल येतच नाही. तोंड आणि सीट ४५ अंश. सीटची रुंदी इनलेटला साधारण दीड, एक्झॉस्टला दोन मिलिमीटर; एक्झॉस्टची उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते, अरुंद ठेवून जमत नाही. व्हॉल्व्ह खोल बसला असेल तर स्प्रिंगखाली शिम, म्हणजे पातळ चकती, लागेल.

लॅपिंग, म्हणजे पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासणं, थोडंच; पेस्ट पुरती धुऊन काढायची. पोर्टमध्ये रॉकेल ओता, दहा मिनिटांत खाली थेंब दिसायला नको. दांडीवरची रबरी रिंग नवी, तेलात भिजवून. कॉटरवरची तारेची क्लिप विसरू नका. बसवून झाल्यावर टोकावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने दोन हलके टोले, प्रत्येक व्हॉल्व्हला. कॉटर उडायचा असेल तर तो टेबलावरच उडू दे.

गॅस्केट नवं. हेडचे नट मधल्यापासून बाहेरच्याकडे, टप्प्याटप्प्याने आवळायचे. टॅपेटला नऊचा नियम: आठवा पूर्ण उघडा असताना पहिला जमवायचा, सातवा असताना दुसरा, असं, बेरीज नेहमी नऊ. पाचशे किलोमीटरनंतर नट आणि टॅपेट पुन्हा. तेव्हा रॉकर कव्हर उघडलेलंच असतं, टॉर्च लावून आठही कॉटर बघा. एखाद्या दांडीचं टोक बाकीच्यांपेक्षा कॅपमध्ये आत गेलेलं दिसलं तर गाडी तिथेच उभी करा, घाटाकडे नेऊ नका.