बोलोन्याला नुसती ट्रेन बदलू नका, एक अख्खा दिवस द्या

इटलीची ट्रिप म्हटली की रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस एवढंच ठरतं आणि बोलोन्या आपण ट्रेनच्या खिडकीतून बघतो. मी आई-बाबांना घेऊन गेले तेव्हा हट्टाने एक दिवस बोलोन्यासाठी काढला आणि आज दोघंही सगळ्यात जास्त आठवण काढतात ती याच गावाची. फ्लोरेन्सहून फास्ट ट्रेनने साधारण चाळीस मिनिटं लागतात, म्हणजे मुक्काम न हलवता सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. आम्ही कसा दिवस घालवला, काय चुकलं आणि आता परत गेले तर कसं करेन ते लिहिते.

सकाळी नऊच्या आत पोचा. स्टेशनसमोरून व्हिया इंडिपेंडेंझा नावाचा सरळ रस्ता जातो, वीसेक मिनिटात मुख्य चौकात, पियाझ्झा माज्जोरेत. टॅक्सी करू नका, कारण बोलोन्याची खरी गंमत या चालण्यातच आहे, इथे रस्त्यांना कमानींचे पोर्टिको आहेत म्हणजे घरांच्या वरच्या मजल्याखालून जाणारा झाकलेला फुटपाथ, आणि जुन्या गावातच असे मिळून ३८ किलोमीटर, पूर्ण शहर धरलं तर ६२. २०२१ मध्ये युनेस्कोने यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. इथलं विद्यापीठ १०८८ पासूनचं मानतात, पुढे विद्यार्थी यायला लागले, गाव वाढलं, जागा पुरेना म्हणून लोकांनी वरच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या आणि खालून लाकडी खांब लावले. मग १२८८ मध्ये कायदाच केला की नवीन घराला पोर्टिको पाहिजेच, आणि उंची निदान २.६६ मीटर, म्हणजे घोड्यावर बसलेला माणूस खालून जाऊ शकेल. ऊन असो पाऊस असो, छत्री न उघडता फिरता येतं, त्यामुळे म्हातारी माणसं बरोबर असतील तर हे गाव फार सोयीचं आहे.

वाटेत कॉफी घ्या, पण काउंटरवर उभं राहून, टेबलावर बसलात की त्याच कॉफीचे बऱ्याच ठिकाणी जास्त पैसे लागतात.

चौकात नेपच्यूनचं कारंजं बघून झालं की समोरच्या पोडेस्टा वाड्याच्या खालच्या कमानीत जा. तिथे समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यात दोघांनी भिंतीकडे तोंड करून हळू बोलायचं, मधे गर्दी असली तरी आवाज छतावरून पलीकडे स्पष्ट पोचतो. आईबाबा तिथून हलायलाच तयार नव्हते.

आता महत्त्वाचं. दिवसाचं टाइमटेबल सान पेत्रोनिओ चर्चमधल्या उन्हाच्या ठिपक्याभोवती बसवा. हे चर्च १३९० मध्ये बांधायला घेतलं आणि दर्शनी भिंत अजून अर्धवटच आहे, खाली संगमरवर आणि वर नुसत्या विटा. आत डाव्या बाजूला फरशीवर एक लांबच लांब रेघ दिसेल, जवळजवळ ६७ मीटर, ही १६५५ मध्ये कासिनी या खगोलशास्त्रज्ञाने आखली. छतात २७ मीटर उंचीवर एक छोटं भोक आहे, त्यातून येणारा उन्हाचा गोल रोज माध्यान्हीला ही रेघ ओलांडतो, उन्हाळ्यात रेघेच्या एका टोकाजवळ, हिवाळ्यात दुसऱ्या. घड्याळात बारा वाजता नाही हं, उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ एक तास पुढे असतं म्हणून साधारण सव्वाएकला, हिवाळ्यात सव्वाबाराच्या आसपास. आकाश स्वच्छ पाहिजे. दुपारी चर्च काही वेळ बंद होऊ शकतं त्यामुळे सकाळीच दारावरची त्या दिवशीची वेळ बघून ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, एक ओढणी पर्समध्ये असली की काम होतं.

तोपर्यंतचा वेळ शेजारच्याच आर्किजिन्नासिओला द्या. १५६३ मध्ये विद्यापीठासाठी बांधलेली इमारत, भिंती आणि छत विद्यार्थ्यांच्या हजारो कुलचिन्हांनी भरलेली. वर तिकीट काढून शरीरशास्त्राचं सभागृह बघता येतं, १६३७ चं, सगळं लाकडी, मधे शवविच्छेदनाचं संगमरवरी टेबल आणि प्राध्यापकांच्या खुर्चीवरचं छत तोलून धरणारे दोन कातडी सोललेले लाकडी पुतळे. २९ जानेवारी १९४४ ला बॉम्ब पडून हे उद्ध्वस्त झालं होतं, ढिगाऱ्यातून लाकडाचे तुकडे वेचून परत उभं केलंय. हे माहीत असताना तिथे दोन मिनिटं बसून बघा, वेगळंच वाटतं.

जेवण दोनच्या आत. आम्ही इथेच फसलो, फिरत फिरत तीन वाजले आणि जिथे जाऊ तिथे किचन बंद, कारण दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच आणि नंतर थेट साडेसातला. चौकाला लागूनच क्वाद्रिलातेरो नावाचा जुना बाजार आहे, अरुंद गल्ल्या, भाजी, मासे, चीज, टांगलेलं हॅम, आणि खिडकीतून दिसणाऱ्या पास्ता लाटणाऱ्या बायका. त्यांना स्फोलिना म्हणतात. आपल्या लाटण्याच्या दुप्पट-तिप्पट लांब लाटणं आणि पोळी एवढी पातळ की खालचं लाकूड दिसावं.

काय मागायचं? नॉनव्हेज खात असाल तर तालियातेल्ले अल रागू, म्हणजे खिम्याच्या सॉसमधल्या रुंद शेवया. स्पॅगेटी बोलोनेझ मागू नका, रागू इथे ताज्या अंड्याच्या पास्त्याबरोबरच खातात. शेवयांची रुंदीसुद्धा ठरलेली आहे, शिजल्यावर ८ मिलीमीटर, गावातल्या असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग, आणि १९७२ मध्ये त्याचा सोन्याचा नमुना करून चेंबर ऑफ कॉमर्समध्ये ठेवलाय! दुसरं टोर्टेलिनी, मांसाच्या सुपातले छोटे छोटे गुंडाळे, आत डुकराचं मांस असतं हे लक्षात ठेवा.

शाकाहारी मंडळींनी एक अक्षर नीट पाठ करायचं, टोर्टेलिनी नाही, टोर्टेलोनी. हे मोठे असतात, आत रिकोटा चीज, वर लोणी आणि सेजची पानं, ‘बुर्रो ए साल्विया’ म्हणून मागा. बाबा शाकाहारी, त्यांनी दोन्ही वेळा हेच खाल्लं आणि खूश होते. पण ताज्या पास्त्यात अंडं असतंच, शंभर ग्रॅम मैद्याला एक असं प्रमाण, तेव्हा अंडं चालत नसेल तर ‘पास्ता सेक्का’ म्हणजे सुका पास्ता आहे का ते विचारा. पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, कडक पाळत असाल तर तेही टाळा. आणि क्रेशेंतिने नावाच्या तळलेल्या पुऱ्या बघून आपल्याला घरच्यासारखं वाटतं पण त्यात किंवा तळणीत बऱ्याचदा डुकराची चरबी असते, विचारल्याशिवाय खाऊ नका. वाक्य सोपं आहे, ‘सोनो वेजेतारियानो’, बाईने ‘वेजेतारियाना’, पुढे ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा स्त्रुत्तो’, मांस नको, चरबी नको. बिलात माणशी कोपेर्तो लागला तर तो बसायचा आकार असतो, फसवणूक नाही, टीप द्यायची सक्ती नसते.

दुपारी दोन तिरक्या मनोऱ्यांपर्यंत चालत जा, पण चढायचा प्लॅन करू नका, ठेंगणा गारिसेंडा धोकादायकरित्या कलल्यामुळे ऑक्टोबर २०२३ पासून दोन्ही बंद आहेत, जुन्या ब्लॉगवर ४९८ पायऱ्या चढा असं लिहिलेलं असतं ते सोडून द्या. तिथून स्त्रादा माज्जोरेवर कोर्ते इसोलानीचा तेराव्या शतकातला लाकडी पोर्टिको बघा, त्याच्या आतून निघालं की सान्तो स्तेफानोचा शांत चौक लागतो, ‘सात चर्च’ म्हणतात तो. आमच्या दिवसातला सगळ्यात निवांत तास इथला.

चारनंतर सान लुका. डोंगरावर मेरीचं देऊळ आहे आणि पोर्ता सारागोझ्झापासून तिथपर्यंत ६६६ कमानींचा पोर्टिको, ३.८ किलोमीटर, १६७४ मध्ये सुरू केलेला. दर मे महिन्यात मेरीची तसबीर मिरवत गावात आणतात, पालखीसारखीच, त्या वाटेवर पाऊस लागू नये म्हणून ही सावली. मेलोन्चेल्लो कमानीनंतर चढ कडक आहे, गुडघे दुखत असतील तर चौकातून जाणारी छोटी टुरिस्ट ट्रेन घ्या. बाबा आणि मी चढलो, आई ट्रेनने आली आणि वर भेटलो, हे उत्तम जमतं. पाण्याची बाटली मात्र भरून न्या.

रात्री हलकं जेवून स्टेशनवर वेळेच्या वीस मिनिटं आधी या, कारण फास्ट ट्रेनचे १६ ते १९ नंबर प्लॅटफॉर्म जमिनीखाली खोल आहेत, दोन-तीन सरकते जिने उतरावे लागतात. आत जायच्या आधी बाहेरच्या भिंतीवरचं घड्याळ बघा, १०:२५ वर थांबवून ठेवलंय. २ ऑगस्ट १९८० ला त्या वेळी इथल्या वेटिंग रूममध्ये बॉम्ब फुटला आणि ८५ माणसं गेली. आत त्यांची नावं कोरलेली आहेत. आम्ही तिघं ती शेवटपर्यंत वाचत उभे राहिलो आणि मग खाली उतरलो.