कप्प्यांच्या पानांचा घरगुती अल्बम: सुरुवात कशी करावी

लग्नाचे, मुंजीचे, बारशाचे अल्बम बहुतेक घरांत असतात. रोजचा डबा, शाळेची रिक्षा, संध्याकाळी गॅलरीत बसून भाजी निवडणं, यातलं मात्र काही अल्बमात येत नाही. ते फोनमध्ये हजारो फोटोंच्या ढिगात पडून राहतं. ते कागदावर आणण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कप्प्यांची पानं. पारदर्शक पानाला ठरावीक मापाचे कप्पे असतात. काहींत फोटो सरकवायचे, काहींत लिहिलेली कार्डं. सजावट येण्याची गरज नाही आणि डिंकही फारसा लागत नाही.

अमेरिकेत बेकी हिगिन्स यांच्या ‘प्रोजेक्ट लाइफ’मुळे ही पद्धत लोकप्रिय झाली. तिथलं पान 12 बाय 12 इंचांचं असतं आणि त्यात 4 बाय 6 आणि 3 बाय 4 इंचांचे कप्पे असतात. आपल्याकडे त्या मापाची पानं आणि फायली शोधत बसण्यापेक्षा ए-फोर मापात काम करा. सगळं सामान जवळच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतं.

सामान

एका वर्षासाठी 13 शीट प्रोटेक्टर (कागद सरकवायची, कडेला भोकं असलेली पारदर्शक पाकिटं; यांचीच आपण पानं करणार), 25 मिलिमीटरची डी-रिंग फाइल, 200 ते 250 जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पांढऱ्या कार्डशीटचे 13 ए-फोर कागद, कटर, स्टीलची पट्टी आणि पिगमेंट शाईचं काळं पेन एवढं पुरतं. फाइल जास्त रुंदीची घ्या. शीट प्रोटेक्टर भोकांच्या पट्टीमुळे ए-फोरपेक्षा रुंद असतो, त्यामुळे साध्या फाइलमधून त्याची कड बाहेर येते आणि दुमडते. गोल रिंगपेक्षा डी-रिंग बरी, कारण तिच्यात पानं सपाट बसतात.

प्लास्टिकच्या बाबतीत काटकसर करू नका. पाकिटावर पॉलिप्रॉपिलीन किंवा ‘पीपी’ लिहिलेलं पाहा. नव्या रेनकोटसारखा वास येणारं मऊ प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असतं. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू बाहेर येतो आणि दमट हवेत फोटो प्लास्टिकला चिकटतो. मग ओढून काढताना वरचा रंगच निघून येतो. जुने फोटो असे खराब झालेले अनेक घरांत दिसतील.

पान शिवणं

कप्पे शिवणयंत्रावर तयार होतात. आधी आपल्या शीट प्रोटेक्टरची आतली मापं घ्या, कारण कंपनीनुसार ती थोडी बदलतात. साधारण 220 बाय 303 मिलिमीटर जागा धरून पुढची मापं दिली आहेत.

1. कार्डशीटचे 4 बाय 6 इंचांचे दोन तुकडे पानात तळाशी, उभे, शेजारी शेजारी सरकवा. पुढे चीर देताना ते मागचं प्लास्टिक वाचवतात.
2. तळापासून 160 मिलिमीटरवर आडवी शिवण घाला, मग बरोबर मध्यावर वरपासून खालपर्यंत उभी.
3. पान उलटं धरा. आतली कार्डं शिवणीपर्यंत सरकतील. आता आडव्या शिवणीच्या 3 मिलिमीटर खाली, फक्त समोरच्या थराला, पट्टी लावून चीर द्या. उभ्या शिवणीच्या आणि कडांच्या 2-3 मिलिमीटर अलीकडे थांबा. कार्डं चिरेतून काढा आणि पुढच्या पानाला वापरा.

टाका 4 मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाक्याने प्लास्टिकला जवळजवळ भोकं पडतात आणि पान त्याच रेषेवर फाटतं. शेवटी उलट शिवण मारू नका, त्यानेही तेच होतं. दोरा हाताने गाठवा. टाचण्या लावू नका, त्यांची भोकं बुजत नाहीत. प्लास्टिक यंत्राच्या पायाला अडकत असेल तर वर बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर ती फाडून टाका.

आता खाली 4 बाय 6 चे दोन उभे कप्पे झाले आणि वर 4 बाय 5 इंचांची कार्डं मावतील असे दोन. ए-फोर कार्डशीटमधून अशी चार कार्डं निघतात. प्रत्येक कप्प्यात पाठीला पाठ लावून दोन गोष्टी बसतात, म्हणजे पानाच्या दोन्ही बाजू भरतात.

फोटो छापताना

बहुतेक फोनचा फोटो 4:3 प्रमाणात असतो, तर 4 बाय 6 ची प्रिंट 3:2 प्रमाणात. लॅबवाला कागद भरायला फोटो कापतो आणि अर्धा इंच जातो. आडव्या फोटोत तो अर्धा इंच बहुधा मागे उभ्या असलेल्या उंच माणसाच्या डोक्याचा असतो. म्हणून उभा फोटो न कापता कागदाच्या वरच्या कडेला लावून घ्या. खाली पाऊण इंचाला थोडी कमी पांढरी पट्टी उरते, तिथे तारीख लिहिता येते. प्रिंट मॅट घ्या. ग्लॉसीवर जेल पेन वाळत नाही आणि बोट लागलं की पसरतं.

आडव्या फोटोंसाठी एक चांगली सोय आहे. 4 बाय 6 च्या एकाच उभ्या प्रिंटवर दोन आडवे फोटो, एकाखाली एक, काहीही न कापता मावतात. मधून कापा, एकेक फोटो 4 बाय 5 च्या कार्डावर वर चिकटवा. खाली दोन इंच लिहायला मिळतात. चिकटवायला आम्लरहित दुहेरी टेप घ्या. साधी सेलोटेप पिवळी पडते आणि कडेने गोंद सोडते.

लॅबला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आकुंचन पावून जातो. 4 बाय 6 साठी 1200 बाय 1800 पिक्सेल हवेत.

काय लिहायचं

खरा अल्बम इथे घडतो. एका महिन्याला समोरासमोरची दोन पानं द्या: चार फोटो, चार कार्डं. जास्त मावत नाही, हीच या पद्धतीची ताकद आहे, कारण निवड करावीच लागते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आधी कार्डं लिहा आणि मग त्यांना साजेसे फोटो निवडा. फोटो आधी निवडले की लिहिणं ‘खूप मजा आली’ यापुढे जात नाही.

कार्डावर तारीख, जागा आणि माणसांची नावं हवीतच. ‘काका’ पुरेसं नाही, कोणते काका ते लिहा. मग फोटोत दिसत नाही ते लिहा: दुधाचा भाव, डब्यात त्या महिन्यात सारखी कोणती भाजी होती, जेवायला कोण कुठे बसतं, गॅसवर दूध उतू गेलं तेव्हा कोण काय म्हणालं. बोललेलं वाक्य घरात जसं बोललं जातं तसंच ठेवा. लहान मूल रिक्षाला ‘शिक्का’ म्हणत असेल तर ते दुरुस्त करू नका. महिन्यातलं एक कार्ड आजी-आजोबांना त्यांच्या हाताने लिहू द्या, ओळी वाकड्या आल्या तरी. तारखा आठवत नसतील तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या आणि सिलिंडरच्या नोंदी असतातच.

मागचं सगळं भरून काढायला जाऊ नका. बाळाच्या जन्मापासून सुरू करणाऱ्यांचे अल्बम बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच अडकतात. चालू महिन्यापासून सुरू करा. फाइल रिंगची आहे, जुनी पानं मागाहून घालता येतात.

तिकिटं आणि बिलं ठेवायला छान असतात, पण एसटीचं यंत्रातून निघालेलं तिकीट आणि दुकानाचं बिल थर्मल कागदावर असतं. त्यावरची अक्षरं काही वर्षांत उडतात आणि लॅमिनेशनच्या उष्णतेने अख्खा कागद काळा पडतो. त्यांची झेरॉक्स काढून तीच लावा. वर्तमानपत्राच्या कात्रणाचंही तसंच, कारण तो कागद पिवळा पडून तुटतो.

फाइल कपाटात उभी ठेवा, भिंतीपलीकडे पाऊस लागत असेल त्या बाजूला नको. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या सोबत ठेवून मधूनमधून बदला. डांबराच्या गोळ्या जवळ नकोत. कोरड्या दिवशी पंख्याखाली पानं उघडून हवा द्या, उन्हात ठेवू नका.