इंग्रजीच्या पेपराआधी 'मी' आणि 'मला' वेगळे करून घ्या

एमपीएससी गट ब-क मुख्यचा मराठी-इंग्रजीचा पेपर असो, बँकेची परीक्षा असो नाहीतर पुण्याच्या कंपनीतला इंटरव्ह्यू, ज्या क्रियापदांना 'इज-ॲम-आर' लावून आयएनजी जोडत नाहीत तो टॉपिक एका संध्याकाळी निपटतो, फक्त क्रियापदांची लिस्ट घोकत बसू नका.

पहिलं काम, स्वतःची बोली तपासा. आपण नांदेड-परभणी-लातूरकडं बिनधास्त 'कळायलंय', 'दिसायलंय', 'आवडायलंय', 'वाटायलंय' म्हणतो, त्यात काही चूक नाही, पण तेच इंग्रजीत उतरलं की 'आय ॲम अंडरस्टँडिंग सर', 'आय ॲम लाइकिंग धिस जॉब' असं निघतं अन् समोरचा पेन थांबवून बघतो. तर दिवसभरात आपण जे जे '-लंय', '-लोय' म्हणतो ते वहीत उतरवा, डाव्या बाजूला 'मी' ची वाक्यं अन् उजव्या बाजूला 'मला' ची.

आता गंमत बघा, उजवी बाजू जवळपास सगळी साध्या वर्तमानात जाते. मला कळतं म्हणजे अंडरस्टँड, मला माहितीये म्हणजे नो, मला पाहिजे म्हणजे वाँट, मला आवडतं म्हणजे लाइक, मला आठवतं म्हणजे रिमेंबर. 'मला दोन भाऊ आहेत' पण त्यातच, म्हणून आय हॅव टू ब्रदर्स, हॅविंग नाही. डावीकडं मात्र माणूस स्वतः काहीतरी करतो, मी ऐकायलोय म्हणजे आय ॲम लिसनिंग, पण मला ऐकू यायलंय म्हणजे आय कॅन हिअर. लुक आणि सी ची जोडी पण अशीच.

मग दोन्हीकडं बसणारी क्रियापदं काढा, पेपर सेट करणारा तिथंच गाठतो. मला वाटतं तो बरोबर आहे, तर आय थिंक. मी नोकरी सोडायचा विचार करायलोय, तर आय ॲम थिंकिंग. वरण खारट लागतं, तर द दाल टेस्ट्स सॉल्टी. आचारी वरण चाखून बघायलाय, तर ही इज टेस्टिंग द दाल. लातूरच्या आडतीवर सोयाबीनचं पोतं 60 किलो भरतं तेव्हा द सॅक वेज सिक्स्टी किलोज, पण हमाल ते काट्यावर ठेवून मोजत असेल तर ही इज वेइंग इट. हॅव चं पण तसंच, जेवण चालू असेल तर आय ॲम हॅविंग लंच एकदम बरोबर. अन् यू आर रूड म्हणजे स्वभावच तसा, यू आर बीइंग रूड म्हणजे आत्ता तसा वागायलाय.

'मला' ची युक्ती सगळीकडं चालत नाही हे पण लिहून ठेवा, बिलाँग, कन्टेन, कन्सिस्ट, ओन, डिझर्व्ह ह्यांच्यात 'मला' सापडणार नाही, ही मात्र पाठच करा. उलट 'मला कंटाळा यायलाय' ला आय ॲम गेटिंग बोअर्ड चालतं.

यानंतर सिन्स-फॉर, इथं जरा जास्त वेळ द्या. 'आय ॲम नोइंग हिम फॉर टेन इयर्स' ह्यात चुका दोन, एक तर नो ला आयएनजी, दुसरी म्हणजे दहा वर्षापासून चालत आलेलं असताना वर्तमानकाळ. बरेचजण त्याचं 'हॅव बीन नोइंग' करून खूश होतात, ते पण चूक, बरोबर आहे आय हॅव नोन हिम.

आणखी एक, बंदी चालू काळाला आहे, आयएनजी ला नाही. नोइंग द रूट, वी लेफ्ट अर्ली हे वाक्य एकदम बरोबर आहे, विदाउट अंडरस्टँडिंग पण बरोबर, त्यामुळं आयएनजी दिसलं की लगेच गोल करू नका, आधी मागं इज-ॲम-आर-वॉज-बीन आहे का बघा.

मॅकडोनाल्डचं 2003 चं 'आयम लव्हिन इट' कुणीतरी काढणारच, जाहिरातीत मुद्दाम वाकवलेलं असतं, पेपरात लव्ह साधंच ठेवायचं. फील, हर्ट आणि 'कसा दिसतो' ह्या अर्थाचा लुक, हे दोन्हीकडून चालतात, आय फील बेटर पण बरोबर अन् आय ॲम फीलिंग बेटर पण, असला प्रश्न आला तर चूक तिथं शोधू नका, वाक्यात दुसरीकडं बघा.