कंपाउंड धनुष्य घ्यायला निघताना

कंपाउंड म्हणजे दोन्ही टोकांना कॅम नावाची चाकं असलेलं धनुष्य. ते घेण्याआधी घरी बसूनच डोळा तपासा. दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांमध्ये छोटी फट करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा आणि मग एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना घड्याळ जागेवर दिसतं, तो तुमचा प्रबळ डोळा. तो उजवा असेल तर उजव्या हाताने ओढायचं धनुष्य घ्यायचं. हात उजवा आणि डोळा डावा असं निघालं, तर नवशिक्याने डोळ्याचं ऐकलेलं बरं. कंपाउंडची खिडकी (नेम धरून बघायला मधे कापलेली जागा) एकाच बाजूला असते, त्यामुळे नंतर बाजू बदलायची सोय नाही.

मग ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावरचं माप. भिंतीला पाठ टेकवा, हात खांद्याच्या रेषेत सहज पसरा (ताणायचे नाहीत) आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत कोणाला तरी मोजायला सांगा. आलेल्या इंचांना २.५ने भागा. ६५ इंच आले तर २६. हा फक्त अंदाज. पक्कं माप हलकं धनुष्य पूर्ण ओढल्यावरच मिळतं: बाणावर ग्रिपच्या (मुठीच्या) सर्वांत खोल भागासमोर खूण करायची, नॉकच्या (बाणाच्या मागच्या टोकाच्या) खाचेपासून तिथपर्यंत मोजायचं आणि त्यात पावणेदोन इंच मिळवायचे.

हे माप चुकलं तर बाकी सगळं फुकट. कंपाउंडमध्ये कॅम एका ठरावीक जागी भिंतीसारखा थांबतो, म्हणून शरीर त्या मापाशी जुळवून घेऊ लागतं. लेंग्थ जास्त असेल तर डोकं मागे कलतं, कंबरेतून मागे झुकायला होतं, धनुष्याचा हात कोपरात कुलूप लागल्यासारखा होतो आणि दोरी हातावर सपकन बसते. कमी असेल तर खांदा वर चढतो आणि ओढणारं कोपर बाणाच्या रेषेत येतच नाही. फोटो बाजूने आणि वरून, दोन्हीकडून काढून घ्या. अर्ध्या इंचाचा फरकही त्यात दिसतो. शंका असेल तर अर्धा इंच कमीच ठेवा.

पौंडेज, म्हणजे धनुष्य ओढायला लागणारं वजन, ठरवताना हौस बाजूला ठेवा. धनुष्य लक्ष्याच्या उंचीवर धरून, आकाशाकडे न नेता, सरळ ओढता आलं पाहिजे. खुर्चीत बसून पाय जमिनीवरून उचला आणि ओढून बघा. जमलं नाही तर वजन जास्त आहे. जागतिक स्पर्धांची मर्यादा ६० पौंड आहे, पण सुरुवातीला तिथे पोचायची घाई नको. ५० पौंडांच्या धनुष्याला ७५ टक्के लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर कमी होणारा भार) असेल तर पूर्ण ओढल्यावर हातात साडेबारा पौंड उरतात, ६५ टक्के असेल तर साडेसतरा.

लांबीचं गणित बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लक्ष्यवेधासाठी अॅक्सल ते अॅक्सल (वरच्या चाकाच्या आसापासून खालच्या चाकाच्या आसापर्यंत) साधारण ३६ ते ४० इंचांची धनुष्यं चालतात, शिकारीची त्याहून आखूड असतात. (आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी आहे, तरी इंटरनेटवरच्या शिफारशी बऱ्याचदा तिकडच्याच.) आखूड धनुष्य लांब ड्रॉ लेंग्थला ओढलं की दोरीचा कोन तीव्र होतो, दोरी नाकाच्या टोकाला लागत नाही आणि पीपमधून (दोरीत बसवलेल्या बघायच्या छोट्या भोकातून) बघायला मान वाकवावी लागते. उंच माणसाने म्हणून लांबच घ्यावं. खोक्यावर छापलेला बाणाचा वेग साधारणपणे ७० पौंड, ३० इंच आणि ३५० ग्रेन (सुमारे २३ ग्रॅम) वजनाच्या बाणाचा असतो. २६ इंच, ४५ पौंडवाल्याला तो मिळणार नाही.

बर्लिनला २०२३ मध्ये जगज्जेते झालेल्या ओजस देवतळे किंवा अदिती स्वामी यांच्या हातातलं मॉडेल मागू नका. ते त्यांच्या मापाचं. आपलं माप कॅमच्या पल्ल्याच्या मध्यावर बसतं का, हे विचारा. वाढत्या वयाच्या मुलांसाठी वर दोन इंच तरी मोकळे हवेत. माप मॉड्यूल (कॅमवरचा माप ठरवणारा तुकडा) बदलून वाढतं की फिरवून, आणि त्यासाठी बो प्रेस (धनुष्य दाबून दोरी सैल करणारं यंत्र) लागतो का, हेही विचारा.

जुनं धनुष्य असेल तर सोबत कापसाचा बोळा न्या आणि लिंबच्या (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजांच्या) कडांवरून फिरवा; तंतू अडकले तर तिथे चीर आहे. दोरीचं सर्व्हिंग (तिच्यावर गुंडाळलेला संरक्षक धागा) सुटलंय का आणि कॅम कललाय का, तेही पाहा. दोरी कधी बाणाशिवाय ओढून सोडली होती का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा, कारण त्या एका झटक्यात लिंब किंवा कॅम जाऊ शकतो. आणि त्या मॉडेलचे मॉड्यूल आता मिळत नसतील आणि धनुष्य तुमच्या मापाला आधीच बसवलेलं नसेल, तर ते कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.