मोठी गिट रेपो क्लोन करताना वेळ कसा वाचवाल?

गिट हे कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन; रेपो म्हणजे त्यातला प्रकल्प, आणि क्लोन म्हणजे त्याची प्रत आपल्या मशीनवर उतरवणं. क्लोन रखडला की दोष नेटला दिला जातो. बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं: जुन्या फाइलींच्या सगळ्या आवृत्त्या विनाकारण खाली उतरत असतात. आधीच्या एखाद्या पूर्ण क्लोनमध्ये 'गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्हीएच' चालवा. 'साइज-पॅक'चा (गुंडाळून साठवलेल्या सगळ्या आवृत्त्यांच्या आकाराचा) आकडा चालू फाइलींच्या मानाने फारच मोठा दिसला, तर वजन इतिहासाचं आहे.

रोजच्या कामासाठी 'गिट क्लोन --फिल्टर=ब्लॉब:नन' वापरा. कमिट (बदलांच्या नोंदी) आणि फोल्डरांची रचना पूर्ण येते, फाइलींचा मजकूर मात्र लागेल तेव्हाच. इथे एक खोच आहे. 'ब्लेम' (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) किंवा 'लॉग -पी' (प्रत्येक कमिटमधले बदल दाखवणारी) चालवलं की जुना मजकूर तुकड्यातुकड्याने मागवला जातो आणि कमांड रेंगाळते. इतिहास सतत उकरायचा असेल, तर पूर्ण क्लोनच बरा. शिवाय सर्व्हरवर फिल्टरची सोय चालू नसेल, तर फक्त इशारा येतो आणि सगळंच उतरतं. तो इशारा वाचा.

'--डेप्थ=1' हे बिल्ड करून फेकून द्यायच्या मशीनसाठी ठीक. त्यात एकाच ब्रँचची (कामाच्या शाखेची) शेवटची कमिट येते; मर्ज-बेस (दोन ब्रँचची सामाईक जुनी कमिट) सापडत नाही म्हणून मर्ज, म्हणजे ब्रँच एकत्र करणं, अडतो. तेव्हा उरलेला इतिहास आणायला 'गिट फेच --अनशॅलो' करावं लागतं, म्हणजे वाचवलेलं सगळं परत.

'एचटीटीपी.पोस्टबफर' वाढवा, हा सल्ला सर्रास मिळतो. ते सेटिंग पुशचं (आपले बदल सर्व्हरवर पाठवण्याचं) आहे, मूळ मर्यादा 1 एमबी; क्लोनचा वेग त्याने वाढत नाही, मेमरी मात्र जास्त खर्च होते.