कॅटलॉगिंग असिस्टंट म्हणून रुजू होताय? आधी नावं नीट लावायला शिका

मी तालुक्याच्या गावातल्या 'अ' वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात तालिकीकरणाच्या (कॅटलॉगिंगच्या) टेबलावर बसते. आमच्याकडे कादंबऱ्या, चरित्रं, नाटकं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आणि दिवाळी अंक यांचा भरणा. सॉफ्टवेअर कोहा. तुमच्याकडे कदाचित ई-ग्रंथालय किंवा सोल असेल, बटणं वेगळी असतील, पण काम तेच आहे. बी.लिब. किंवा प्रमाणपत्राच्या वर्गात नियम शिकवतात आणि ते बरोबरच असतात. मात्र उदाहरणं बहुतेक इंग्रजी पुस्तकांची असतात, त्यामुळे मराठी पुस्तक हातात आलं की पहिल्या दिवशीच अडायला होतं.

काउंटरवर कुणीही '८९१.४६३ मधलं काहीतरी द्या' असा वर्गांक सांगत नाही. 'माडगूळकरांचं द्या. गदिमांचं नाही हो, भावाचं,' असं म्हणतात. त्या माणसाला पुस्तक मिळालं तर तुमची नोंद चांगली. पानांची संख्या अचूक आणि लेखकाचं नाव अर्धवट, अशी नोंद काही कामाची नाही. कुठे वेळ घालवायचा आणि कुठे नाही, ते यावरून ठरवा.

आधी दाखल नोंदवही उरकून घ्या. पार्सल आलं की बिलाशी पुस्तकं जुळवा. फाटकी पानं, उलटी बांधणी, न छापलेली कोरी पानं आधीच बघा, कारण शिक्का मारल्यावर विक्रेता पुस्तक परत घेत नाही. मग प्रत्येक प्रतीला स्वतंत्र दाखल क्रमांक द्या. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असतील तर क्रमांकही तीन. रद्द झालेल्या पुस्तकाचा क्रमांक नव्या पुस्तकाला कधीही देऊ नका. वहीत व्हाइटनर चालत नाही. चुकलं तर एक रेघ, बाजूला बरोबर नोंद आणि ग्रंथपालांची सही. अनुदानाच्या तपासणीला निरीक्षक येतात तेव्हा संगणकाआधी हीच वही मागतात. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून आलेली पुस्तकं, देणगीची आणि विकत घेतलेली, प्रत्येकाचा स्रोत शेऱ्याच्या रकान्यात त्याच दिवशी लिहा. सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

शिक्का शीर्षकपृष्ठाच्या मागे, शेवटच्या पानावर आणि ग्रंथालयाच्या ठरलेल्या गुप्त पानावर. छायाचित्रावर किंवा मजकुरावर नको.

आता संगणक. नवी नोंद उघडायच्या आधी शोधा. लेखकाने शोधा, शीर्षकाने शोधा, शीर्षकातल्या एखाद्या वेगळ्या शब्दाने शोधा. आधीची नोंद सापडली तर तिलाच प्रत जोडायची. आपल्या प्रकाशकांचा 'आवृत्ती' हा शब्द इथे फार फसवतो. 'आवृत्ती सातवी' लिहिलेलं असतं आणि आत नुसतं पुनर्मुद्रण असतं. मी दोन गोष्टी बघते. पानांची संख्या बदलली का, आणि नवी प्रस्तावना किंवा वाढवलेलं प्रकरण आहे का. दोन्ही नसेल, फक्त मुखपृष्ठ आणि किंमत बदलली असेल, तर जुन्याच नोंदीला प्रत जोडते. मजकूर बदलला असेल तर नवी नोंद. आयएसबीएनवर एकट्यावर विसंबू नका. दोन खंडांवर एकच क्रमांक छापलेला मी पाहिला आहे.

शीर्षक नेहमी शीर्षकपृष्ठावरून घ्यायचं, मुखपृष्ठावरून नाही. मुखपृष्ठावर चित्रकाराने मोठ्या अक्षरात उपशीर्षक काढलेलं असतं आणि खरं नाव कोपऱ्यात. दोन्हींत फरक असेल तर २४५ मध्ये (हे 'मार्क' या नोंद-पद्धतीतले रकान्यांचे क्रमांक) शीर्षकपृष्ठावरचं आणि २४६ मध्ये मुखपृष्ठावरचं, म्हणजे दोन्हींनी पुस्तक सापडतं. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या पुस्तकांनाही हीच युक्ती. 'नांव', 'कांहीं' असे अनुस्वार शीर्षकात असतील तर ते तसेच उतरवा, आजच्या लेखनाप्रमाणे सुधारू नका. आजचं रूप २४६ मध्ये टाका, कारण शोधणारा माणूस अनुस्वार टंकणार नाही. जुन्या पुस्तकांवर साल शके असतं. ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या शेवटच्या अडीच-तीन महिन्यांत ७९. शके १८४५ म्हणजे १९२३ किंवा १९२४ चा आरंभ. छापलेलं शके साल ठेवा आणि इसवी सन चौकटी कंसात द्या.

लेखकाच्या नावावर मात्र घाई करू नका. आडनाव आधी, स्वल्पविराम, मग नाव. ऐकायला सोपं आहे. आता देशपांडे घ्या. पु. ल. देशपांडे म्हणजे पुरुषोत्तम लक्ष्मण, पु. य. देशपांडे म्हणजे पुरुषोत्तम यशवंत. कुणी घाईत 'देशपांडे, पु.' एवढंच टंकलं की पु. यं.च्या कादंबऱ्या पु. लं.च्या यादीत जाऊन बसतात. सुनीता, गौरी, कुसुमावती याही देशपांडेच. पुस्तकाच्या पाठीवरच्या लेबलावर आडनावाची पहिली तीन अक्षरं लिहायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. त्या पद्धतीने हे सगळे 'देशपां' होतात आणि अख्खा कप्पा एका लेबलाचा दिसतो. देशपांडे, कुलकर्णी, जोशी, पाटील या आडनावांना आम्ही नावाचं आद्याक्षरही लेबलावर घेतो. ग्रंथपालांना विचारून तुम्हीही तसं ठरवून घ्या आणि ठरलेलं लिहून भिंतीवर लावा.

आद्याक्षरांमधली मोकळी जागासुद्धा ठरवून टाका. 'पु. ल.' की 'पु.ल.', एकच काहीतरी. आम्ही टिंबानंतर जागा सोडतो.

टोपणनावांचा प्रश्न मराठीत जरा जास्तच आहे. कविता कुसुमाग्रजांच्या नावावर, नाटकं वि. वा. शिरवाडकरांच्या. आरती प्रभू कवितेला, चिं. त्र्यं. खानोलकर कादंबरी-नाटकाला. इथे दोन्ही नावं जिवंत ठेवायची. पुस्तकावर जे नाव आहे त्या नावाखाली नोंद आणि दोन्ही नावांमध्ये 'हेही पाहा' असा दुवा. कोहाच्या प्राधिकार नोंदीत, म्हणजे नावाचं पक्कं रूप आणि त्याची पर्यायी रूपं ठेवणाऱ्या नोंदीत, हा दुवा ५०० मध्ये जातो. ग्रेस यांच्या बाबतीत कवी म्हणून एकच नाव रूढ आहे, म्हणून मुख्य नाव 'ग्रेस' आणि 'गोडघाटे, माणिक' हे ४०० मध्ये, म्हणजे नुसतं 'पाहा'. विभावरी शिरूरकर, बाळूताई खरे आणि मालतीबाई बेडेकर ही एकाच लेखिकेची नावं आहेत, हे माहीत नसलेला असिस्टंट तीन लेखिका तयार करतो. संतांना आडनाव लावू नका. तुकाराम 'तुकाराम' खालीच. ज्ञानेश्वर मुख्य, ज्ञानदेव आणि ज्ञानोबा यांच्यावरून 'पाहा'.

कोहा मुळात न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी बनलं. माडगूळकर आणि माडगुळकर एकच, हे त्याला आपोआप कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घाची अशी जोडरूपं प्राधिकार नोंदीत एकदा भरून ठेवली की पुढे कायमचा त्रास वाचतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि कुणी कौतुक करत नाही, पण मला विचाराल तर या टेबलावरचं सगळ्यात मोलाचं काम हेच.

टंकताना दिसणाऱ्या अक्षरावर विश्वास ठेवू नका. 'ॲनिमल' हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर वापरून. दुसरा, साधा 'अ' आणि वर अर्धचंद्र जोडून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे. एकाने नोंद केली आणि वाचकाने दुसऱ्याने शोधलं तर उत्तर येतं 'काहीही सापडले नाही'. कार्यालयातल्या सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा, इनस्क्रिप्ट असेल तर सगळ्यांनी इनस्क्रिप्ट. तपासायचं असेल तर शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबत जा. एका दाबात पूर्ण 'ॲ' गेला की आधी नुसता चंद्र गेला, ते कळतं. 'ऱ्य' मधल्या अर्ध्या र च्या बाबतीतही अशीच गडबड होते. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधली यादी कुणी 'इथून कॉपी करा' म्हणून दिली तर सरळ नाही म्हणा. आधी ती युनिकोडमध्ये रूपांतरित होऊ द्या, मग प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घाला. अनुक्रमाचंही बघा. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडच्या तक्त्यात तो ल आणि व यांच्या मध्ये आहे. यादी छापायच्या आधी क्रम तपासा.

आयत्या नोंदी मिळतात. झेड ३९.५० या ग्रंथालयांच्या संगणकांत नोंदी शोधून आणायच्या पद्धतीतून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदी ओढता येतात आणि त्यांच्याकडे मराठी पुस्तकं भरपूर आहेत. पण तिथे नाव रोमन लिपीत असतं, वर रेघा आणि खाली टिंबं लावलेलं. वर्गांक आणि विषय तिथून घ्या. शीर्षक आणि लेखक देवनागरीत स्वतः टंका. रोमन रूप पुसून टाकू नका, ८८० मध्ये ठेवा. विदेशात राहणारी मंडळी सुट्टीत आली की रोमनमध्येच शोधतात.

वर्गीकरणात ड्यूई दशांश पद्धत वापरत असाल तर मराठी साहित्य ८९१.४६ : कविता १, नाटक २, कादंबरी-कथा ३. महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२. हे आकडे आठवड्यात पाठ होतात. अडचण येते ती अनुवादांशी. नियमाप्रमाणे अनुवाद मूळ भाषेच्या साहित्यात जातो, म्हणजे भैरप्पांची मराठीत आलेली कादंबरी कन्नडच्या ८९४.८१४३ मध्ये. कॉलेजच्या लायब्ररीत ते ठीक. सार्वजनिक ग्रंथालयात माझं मत असं की कादंबरी म्हणून येणारा वाचक त्या कोपऱ्यात जात नाही, म्हणून आम्ही मराठी कादंबऱ्यांतच लावतो आणि नोंदीत वर्गांक नियमाचा ठेवून जागेचा संकेत वेगळा देतो. काहीही ठरवा, पण ०४१ मध्ये मूळ भाषा आणि ७०० मध्ये अनुवादकाचं नाव भरलंच पाहिजे. उमा कुलकर्णींनी अनुवाद केलेलं काहीही द्या, असं मागणारे वाचक प्रत्येक गावात आहेत.

संपादित पुस्तकाला मुख्य नोंद शीर्षकाची, संपादक ७०० मध्ये. गौरवग्रंथ ज्यांचा असेल ते ६०० मध्ये विषय म्हणून. आत्मचरित्रात एकच व्यक्ती लेखक म्हणून १०० मध्येही आणि विषय म्हणून ६०० मध्येही. एवढं पुरे.

कथासंग्रह आणि एकांकिकासंग्रह यांची अनुक्रमणिका ५०५ मध्ये भरा. एकेका पुस्तकाला वेळ जातो, पण लोक कथेचं नाव घेऊन येतात, संग्रहाचं नाही. एकांकिका असेल तर मी आणखी एक करते. टीप म्हणून पुस्तकाच्या नोंदीतल्या ५०० मध्ये पात्रसंख्या लिहिते : 'पात्रे : २ स्त्री, ३ पुरुष, कालावधी सुमारे ४० मिनिटे'. कालावधी पुस्तकात दिलेला असेल तरच, नसेल तर नुसती पात्रं मोजून. स्पर्धांचा हंगाम आला की कॉलेजची मुलं 'चार जणांचं, एकच मुलगी आहे आमच्यात' असं म्हणत येतात. त्यांना शोधपेटीत उत्तर मिळतं, कपाट उपसावं लागत नाही.

काउंटरवर एक वही ठेवा. वाचकाने मागितलं आणि यादीत सापडलं नाही, ते त्याच्याच शब्दांत लिहायला सहकाऱ्यांना सांगा. आठवड्यातून एकदा ती वही घेऊन बसा. निम्म्या वेळा पुस्तक आपल्याकडे असतंच, फक्त वाचकाने वापरलेला शब्द नोंदीत नसतो. विषयशीर्षकं सुधारायला याहून चांगलं साधन नाही. 'शेती' मागतात आणि नोंदीत फक्त 'कृषी' आहे, 'साखरेचा आजार' मागतात आणि नोंदीत 'मधुमेह'. एक रूप पक्कं करा, दुसऱ्यावरून दुवा द्या.

दिवाळी अंकांना पुस्तकांसारखी दरवर्षी नवी नोंद करू नका. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे, आणि आपल्याकडे एकाच नावाचे वीस-वीस वर्षांचे अंक असतात. नियतकालिक म्हणून एकच नोंद आणि त्याखाली प्रत्येक वर्षाचा अंक प्रत म्हणून, साल खंडाच्या रकान्यात. विशेष विषयाचा अंक असेल तर तो विषय मात्र प्रतीच्या टिपेत लिहा. दिवाळीनंतरचे पहिले काही आठवडे अंक हातोहात फिरतात, तेव्हा सविस्तर नोंदीची वाट बघत ते टेबलावर अडवून ठेवू नका. बारकोड लावा, प्रत जोडा, बाहेर काढा. टिपा होळीनंतर, अंक परत आले की.

देणगीच्या पोत्यांबद्दल शेवटचं. कुणाचे आजोबा गेले की घरचे चार पोती घेऊन येतात आणि 'सगळी ठेवा' म्हणतात. दाखल क्रमांक द्यायच्या आधी निवड करा, कारण एकदा वहीत चढलेलं पुस्तक रद्द करायला समितीचा ठराव लागतो. वाळवी लागलेली पोती आत आणूच नका, व्हरांड्यातच उघडा. आपल्याकडे नसलेलं जुनं पुस्तक, लेखकाची सही असलेली प्रत, गावाच्या इतिहासाचं काहीही बाजूला काढा. पानांत पत्रं, फोटो, क्वचित नोटा सापडतात, त्या पाकिटात घालून घरच्यांना परत द्या. आणि पावतीवर पुस्तकांची संख्या लिहा, 'निवडीनंतर उरलेली पुस्तके परत नेण्याची मुदत एक महिना' हे वाक्यही त्याच पावतीवर घ्या आणि खाली त्यांची सही.